रुपेरी मुखवट्याचा पैलवान



आपल्या भित्तिपत्रकात थोर माणसांची चरित्रे येतात. पुढारी झाले, संत झाले, शास्त्रज्ञ झाले. या वेळी मी एक पैलवान निवडला आहे. त्याच्या नावाचा अर्थ मात्र संत असाच होतो. आता हा संत काही देवळात बसणारा नव्हता, बरं का! चांगला दणकट गडी होता, आणि पहिली वीस वर्षे तर आखाड्यात दांडगाई करणारा म्हणूनच गाजला. त्याचे नाव एल सांतो. त्याचा देश मेक्सिको. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याने आपला चेहरा लोकांना दाखवला नाही. हे त्याने कसे निभावले, आणि दांडगट पैलवानाचा मुलांचा लाडका नायक कसा झाला, हे मी सांगणार आहे.

जगाच्या नकाशात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या खाली लागूनच मेक्सिको देश दिसतो. तिथले लोक स्पॅनिश भाषा बोलतात. तो मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपण रोज कालवणात घालतो ती मिरची आणि आपल्या रानात येतो तो मका, ही दोन्ही पिके मूळची तिकडचीच. मक्याच्या पिठाची पातळ भाकरी हे तिथल्या लोकांचे रोजचे जेवण. तिला ते तोर्तिया म्हणतात. या भाकरी खाणाऱ्या लोकांना कुस्तीचा भारी नाद.

सांतोचे खरे नाव रोदोल्फो गुझमान उएर्ता. त्याचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी हिदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगो या गावी झाला. सात भावंडांत हा पाचवा. घर साधेच होते. रोदोल्फो लहान असतानाच सगळे कुटुंब राजधानीच्या मेक्सिको शहरात राहायला आले आणि एका गरीब वस्तीत त्यांनी बिऱ्हाड केले. रोदोल्फोला खेळाचे वेड. तो बेसबॉल खेळला, अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळला, जपानी जुजुत्सूचे डाव शिकला आणि शेवटी कुस्तीकडे वळला. त्याचे भाऊही कुस्तीतलेच होते. एक भाऊ तर ब्लॅक गुझमान या नावाने चांगला प्रसिद्ध झाला.

आता तिकडची कुस्ती कशी असते ते सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल. आपल्याकडे पैलवान लाल मातीत लंगोट लावून उतरतात. पाठ मातीला लागली की चितपट, मग हलगी कडाडते आणि फेटे उडतात. मेक्सिकोत तसे नाही. तिथे एक उंच चौथरा असतो आणि त्याला चारी बाजूंनी दोर बांधलेले असतात. पैलवान त्या दोरांवर चढतात आणि तिथून पाखरासारखी झेप घेतात. जोडीदाराचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून तीन अंक मोजेपर्यंत दाबून धरायचे, की एक फेरी जिंकली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. या प्रकाराला तिकडे लुचा लिब्रे म्हणतात, म्हणजे मुक्त कुस्ती. साल्वादोर लुत्तेरोत नावाच्या गृहस्थाने १९३३ साली मेक्सिको शहरात अशा कुस्त्या भरवणारी मंडळी स्थापन केली आणि तेव्हापासून तो खेळ देशभर पसरला.

इथे आमच्या गावचे जाणते वस्ताद लगेच म्हणतील की ही तर नुरा कुस्ती झाली! त्यांचे बरोबर आहे. या खेळात कोण जिंकणार हे बहुधा आधीच ठरलेले असते. निम्मी कुस्ती आणि निम्मे नाटक असा तो मामला. नाटकात असतात तशा दोन बाजूही असतात. नियमाने, कसबाने लढणाऱ्याला टेक्निको म्हणतात. दांडगाई करणारा, पंचाची नजर चुकवून गुद्दे मारणारा तो रूडो. लोक टेक्निकोचा जयजयकार करतात आणि रूडोला शिव्या घालतात. पण दोरावरून पडून हाड मोडले तर ते खरेच मोडते. आणि मुखवटा गेला तर तोही खराच जातो. त्यात नाटक नाही.

हा मुखवट्याचा प्रकार कसा निघाला, त्याचीही गंमत आहे. १९३०च्या दशकात आंतोनियो मार्तिनेस नावाचा एक जोडे शिवणारा कारागीर पैलवानांसाठी बूट तयार करीत असे. एका अमेरिकन पैलवानाने त्याला डोक्यावर घट्ट बसणारी टोपी शिवायला सांगितली. चेहरा झाकायचा, पण डोळे, नाक आणि तोंड मोकळे ठेवायचे. मार्तिनेसने डोक्याची मापे घेतली आणि बकरीच्या कातड्याचा मुखवटा शिवून दिला. पुढे दुसऱ्या पैलवानांनीही मुखवटे मागितले आणि जोडे शिवणारा माणूस मुखवटे शिवणारा म्हणून नावाजला. मेक्सिकोत सणासुदीला मुखवटे घालून नाचण्याची चाल फार जुनी आहे. त्यामुळे लोकांना ही कल्पना एकदम पसंत पडली.

मग मुखवट्याचा कायदाच होऊन बसला. कुस्ती चालू असताना दुसऱ्याचा मुखवटा ओढून काढला तर काढणारा बाद. मात्र दोघांनी मुखवट्याची पैज लावली, तर हरणाऱ्याने सगळ्यांसमोर मुखवटा काढायचा आणि आपले खरे नाव सांगायचे. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येते. एकदा गेलेला मुखवटा पुन्हा कधी घालता येत नाही. आपल्याकडे पैलवानाची इज्जत लंगोटात असते म्हणतात, तशी तिकडे ती मुखवट्यात असते.

रोदोल्फोने कुस्ती सुरू केली तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हते. १९३०च्या दशकाच्या मध्यावर तो आखाड्यात उतरू लागला. रूदी गुझमान, तांबडा माणूस, काळा राक्षस अशी किती तरी नावे त्याने घेऊन पाहिली, पण एकही चालेना. एकदा त्याने वटवाघूळ दुसरा असे नाव घेतले. तेव्हा पहिला वटवाघूळ, म्हणजे त्या काळचा नामांकित पैलवान वेलास्केस, चिडला. आपले नाव दुसऱ्याने का वापरावे अशी तक्रार त्याने कुस्ती मंडळाकडे केली. मंडळाला ती पटली आणि रोदोल्फोचे तेही नाव गेले.

मग १९४२ साल उजाडले. हेसूस लोमेलीन नावाचे एक व्यवस्थापक सगळा रुपेरी पोशाख घातलेल्या पैलवानांचा चमू तयार करीत होते. त्यांनी रोदोल्फोपुढे तीन नावे ठेवली. संत, सैतान आणि देवदूत. रोदोल्फोने संत हे नाव उचलले. स्पॅनिशमध्ये संताला सांतो म्हणतात. २६ जुलै १९४२ रोजी मेक्सिको शहरात तो रुपेरी मुखवटा घालून पहिल्यांदा आखाड्यात आला. तेव्हा त्याचे वय २४ वर्षांचे होते. त्या दिवशी रोदोल्फो मागे राहिला आणि जगाला फक्त सांतो दिसू लागला.

पण नाव संत असले तरी त्याचे वागणे काही संताचे नव्हते! तो पक्का रूडो होता. अंगात चपळाई भरपूर आणि दांडगाई त्याहून भरपूर. पुढे गोरी गेरेरो नावाच्या दुसऱ्या दांडग्या पैलवानाशी त्याने जोडी जमवली. लोक त्यांना अणुजोडी म्हणत. या गेरेरोचा एक नामी डाव होता. पालथ्या पडलेल्या गड्याच्या पाठीवर घोड्यावर बसल्यासारखे बसायचे आणि दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरून मान मागे खेचायची. हा डाव सांतोनेही उचलला आणि पुढे तो त्याच्याच नावाने गाजला.

आता माझ्या आवडीचा भाग येतो. १९५२ साली होसे क्रूझ नावाच्या चित्रकाराने सांतोवर चित्रकथेची पुस्तके काढायला सुरुवात केली. ही पुस्तके मोठ्या युक्तीने तयार होत. क्रूझ खऱ्याखुऱ्या सांतोचे फोटो काढायचा, ते कात्रीने कापायचा, हाताने काढलेल्या चित्रांवर चिकटवायचा आणि मग त्यांचा छाप घ्यायचा. म्हणजे पडके वाडे, राक्षस, चेटकिणी चित्रातल्या, आणि सांतो मात्र फोटोतला, अगदी खरा! आपण जुन्या मासिकांतली चित्रे कापून तक्ते करतो, तसलाच प्रकार. पुस्तके स्वस्त होती. चित्रांमुळे कमी शिकलेल्या माणसालाही गोष्ट कळायची. एक घ्यायचा आणि दहा जण वाचायचे.

या पुस्तकांतला सांतो दांडगट नव्हता. तो गरिबांच्या मदतीला धावून जायचा. कुणावर जुलूम झाला, कुणाचा खून झाला, की सांतो येऊन त्याचा वचपा काढायचा. चोर, दरोडेखोर, भुते, कुणाकुणाची म्हणून गय नाही. मुलांनी ही पुस्तके डोक्यावर घेतली. म्हणजे बघा, एकाच माणसाची दोन रूपे झाली. पुस्तकातला सांतो दुबळ्यांचा कैवारी आणि आखाड्यातला सांतो लबाडीने गुद्दे हाणणारा!

त्याच १९५२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आखाड्यातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट घडली. ब्लॅक शॅडो म्हणजे काळी सावली नावाचा एक फार चांगला पैलवान होता. त्याची आणि सांतोची मुखवट्याची पैज लागली. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी मेक्सिको शहरातल्या कोलिसेओ आखाड्यात ही कुस्ती झाली. आत माणूस मावत नव्हता. तासाहून जास्त वेळ ती चालली. शेवटी काळी सावली हरली. त्याला भर सभेत मुखवटा काढावा लागला आणि त्याचे खरे नाव सगळ्यांना कळले.

आता या काळ्या सावलीचा एक जोडीदार होता. त्याचे नाव ब्लू डेमन, म्हणजे निळा राक्षस. तो १९२२ साली नुएवो लेओन राज्यात जन्मला. हाही गरिबाघरचाच. आधी रेल्वेत कामगार होता आणि मग रोलांदो वेरा या वस्तादाच्या हाताखाली पैलवान झाला. काळी सावली आणि निळा राक्षस भाऊ-भाऊ म्हणून लढत. ते काही सख्खे भाऊ नव्हते, पण आखाड्यातले नाते तेवढेच पक्के. आपल्या भावाचा मुखवटा गेला हे निळ्या राक्षसाच्या जिव्हारी लागले. तोवर तोही रूडो होता. आता त्याने दांडगाई सोडली, टेक्निको झाला आणि सांतोवर डूख धरला. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्याने सांतोला हरवून त्याच्याकडून वेल्टर वजनाचा जागतिक पट्टा काढून घेतला. वचपा निघाला! पण त्या दोघांची चुरस काही तिथे संपली नाही. पुढे किती तरी वर्षे ही जोडी लागली की तिकिटे मिळायची नाहीत.

या गोष्टीत नाव राक्षसाचे असलेला गडी भावासाठी चांगला झाला आणि नाव संताचे असलेला गडी दांडगाच राहिला. नावात काही नसते, हे इथे कळते.

मग सांतो कधी बदलला? १९५८ साली त्याला सिनेमात घेतले. पहिले दोन चित्रपट क्यूबा बेटावर काढले. तिथे तेव्हा क्रांतीची लढाई चालू होती. तशा धामधुमीत काम उरकून मंडळी परत आली, आणि १९५९ उजाडताच तिथले सरकार उलथले. ते चित्रपट १९६१ साली लागले. त्यानंतर त्याचे चित्रपट एकामागून एक येत गेले. सगळे मिळून ते ५० हून अधिक भरतात. १९६२ सालच्या चित्रपटात तो रक्त पिणाऱ्या हडळींशी लढला. १९७२ साली लागलेल्या एका चित्रपटात तो, निळा राक्षस आणि मिल मास्कारास, म्हणजे हजार मुखवट्यांचा पैलवान, असे तिघे मिळून ग्वानाह्वातो गावच्या जिवंत झालेल्या मढ्यांशी लढले. त्या गावी अशी सुकलेली मढी खरोखरच संग्रहालयात ठेवलेली आहेत, म्हणून लोकांनी त्या चित्रपटाला फारच गर्दी केली. आखाड्यातले वैरी पडद्यावर मित्र झाले होते.

पुस्तकात चांगला, पडद्यावर चांगला, मग आखाड्यात वाईट कसे चालेल? गावोगावची पोरे कुस्ती बघायला यायची ती आपला कैवारी बघायला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सांतोने दांडगाई सोडली आणि तो टेक्निको झाला. त्यानंतर तो कायम सरळ बाजूने लढला. लोक म्हणतात की सिनेमामुळे तो बदलला. मला वाटते, त्याला त्या स्वस्त पुस्तकांनी आणि ती वाचणाऱ्या मुलांनी बदलले. मुलांनी त्याला आधीच चांगला मानून ठेवले होते. मग त्याला तसे व्हावेच लागले.

मुखवटा मात्र त्याने जिवापाड जपला. त्याच्याकडे हनुवटीकडची बाजू मोकळी असलेला एक मुखवटा असे, म्हणून तो घालूनच जेवता यायचे. परदेशी जाताना पारपत्र तपासायला चेहरा दाखवावा लागतो. तो बरोबरच्या लोकांना दिसू नये म्हणून सांतो वेगळ्या विमानाने जायचा, असे सांगतात. पैजेच्या किती तरी कुस्त्या तो लढला, पण त्याचा मुखवटा कुणाला काढता आला नाही. १९७५ साली, ५८ वर्षांचा असताना, त्याने पेरो आग्वायो या तरुण दांडगटाला हरवले. आग्वायोला मुखवटा नव्हता, त्याने केसांची पैज लावली होती. हरल्यावर त्याचे भर आखाड्यात मुंडण झाले!

एक गोष्ट मात्र मला मुलगी म्हणून खटकली. सांतो आखाड्याचा राजा होता त्या काळात मेक्सिको शहरात बायकांच्या कुस्त्यांना बंदी होती. ही बंदी १९५०च्या दशकात आली आणि १९८६ साली उठली. म्हणजे तीस वर्षे तिथल्या पोरींनी कुस्ती फक्त बाकावर बसून बघितली. बायका राजधानीच्या बाहेर लढत राहिल्या, म्हणून त्यांची कुस्ती टिकली.

१२ सप्टेंबर १९८२ रोजी सांतोने शेवटची कुस्ती केली. तेव्हा त्याला ६५ वर्षे पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते. जुना जोडीदार गोरी गेरेरो त्या दिवशी त्याच्याच बाजूने लढला. समोर पेरो आग्वायो आणि त्याचे सोबती होते. त्याच वर्षी सांतोचा धाकटा मुलगा तसाच रुपेरी मुखवटा घालून आखाड्यात आला. त्याने नाव घेतले सांतोचा पुत्र.

जानेवारी १९८४च्या अखेरीस दूरदर्शनच्या पडद्यावर एक मुलाखत झाली. तिच्यात सांतोने कुणालाही आधी न सांगता आपला मुखवटा खालून वर सरकवला. क्षणभरच. तेवढ्यात लोकांना एका वयस्क माणसाचा चेहरा दिसला. कुणी हरवून तो काढला नव्हता. त्याचा त्यानेच काढला होता. आपला निरोप घ्यायला तो आला होता असे लोकांना मागाहून वाटले, कारण ५ फेब्रुवारी १९८४ रोजी तो गेला. मेक्सिको शहरातल्या एका नाट्यगृहात तो साखळदंडातून सुटण्याचे खेळ करून दाखवत असे. त्या संध्याकाळी खेळ झाल्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच रात्री त्याचे निधन झाले. तो ६६ वर्षांचा होता.

त्याच्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली. त्याला मुखवट्यासह पुरण्यात आले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हजार मुखवट्यांचा पैलवान होता आणि निळा राक्षसही होता. ज्याने भावासाठी सांतोवर डूख धरला, त्याचा पट्टा हिसकावला, तोच शेवटी मुखवटा घालून खांद्याला आला. निळा राक्षस १६ डिसेंबर २००० रोजी वारला. त्यालाही त्याच्या मुखवट्यासह पुरले.

तुलान्सिंगो गावात सांतोचा पुतळा उभा केलेला आहे. २०१८ साली मेक्सिको शहराने आपल्या या कुस्तीला सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. आपल्याकडे जशी कुस्ती गावच्या जत्रेची, तशी तिकडे ती शहरातल्या कामकरी माणसांची. दिवसभर घाम गाळायचा आणि रविवारी पोराबाळांना घेऊन आखाडा गाठायचा.

मित्रांनो, या चरित्रातून मला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली ही की सूड आखाड्याच्या दोरांच्या आत राहिला तर तो खेळ असतो. बांधावरून, भाऊबंदकीतून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी वैरे आपण ऐकतो. तिथे दोर नसतात आणि तीन अंक मोजून थांबवणारा पंचही नसतो. निळ्या राक्षसाने वचपा काढला, पण खांदा द्यायची वेळ आली तेव्हा तो घरी बसला नाही.

दुसरी गोष्ट अशी. एखाद्या दांडगट मुलालाही आपण जर चांगला मानले, तर त्याला कधी ना कधी तसे व्हावेसे वाटते. सांतोला वीस वर्षे लागली. आपल्या वर्गातल्या कुणाला बहुतेक इतकी लागणार नाहीत.

(इयत्ता सातवी)